पाहुण्याचा बाप

माझे मामा जुसू केमोकाई यांच्याबद्दल गावात दोन मतं होती. काहींच्या मते ते देवमाणूस होते आणि बाकीच्यांच्या मते हट्टी गाढव. मी त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, त्यांच्याच घरात वाढलेली. त्यामुळे दोन्ही मतं बाळगायचा मला हक्क होता आणि मी तो आयुष्यभर बजावला.

आमचं न्यांदेहुन गाव नदीच्या या अंगाला. शाळा, दवाखाना, बाजार, लॉरीचा रस्ता, सगळं त्या अंगाला. होडी जिथे लागते तिथून वर चढून आलं की पहिलं घर मामांचं, म्हणून बाहेरचा प्रत्येक माणूस आधी त्यांच्याच ओट्यावर टेकायचा. आणि आमच्यात परका माणूस ज्याच्या ओट्यावर पहिल्यांदा टेकतो, तो त्याचा पाहुणाबाप होतो. मग तो परका व्यापारी असो, मौलवी असो, नाहीतर सासरहून पळून आलेली बाई असो. पाहुणाबाप त्याला चीफपुढे नेतो, मानाची म्हणून कोलाची बी ठेवतो आणि चारचौघांत सांगतो, "हा माझा. याने चांगलं केलं तर याचं नाव घ्या, वाईट केलं तर माझ्या दारात या." पाहुणा निघाला की पुन्हा चावडीवर उभं राहायचं, निरोप घ्यायचा. कुणाचं काही म्हणणं असेल तर ते तिथेच काढायचं. चीफ "जा" म्हणाले की पाहुणाही सुटला आणि त्याचा बापही.

मामांनी असं बापपण किती जणांचं केलं याला गणती नाही. एका कापडवाल्याने चीफच्या पुतणीला नादी लावलं, तेव्हा दंडाचा बोकड मामांच्या दावणीचा गेला. मामी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी बोलली ती एवढंच, "आणा अजून कुणाला तरी घरी." मामांनी त्याच आठवड्यात एक मीठवाला आणला.

लढाईत गाव दोनदा जळलं. नदीवर वेलींचा विणलेला झुलता पूल होता, तो बंडखोरांना येता येऊ नये म्हणून आमच्याच माणसांनी तोडला. तसा पूल विणणारी जाणती माणसं निर्वासितांच्या छावणीत हगवणीने गेली, मामीही तिथेच गेली. आम्ही परत आलो तेव्हा भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या आणि मामांच्या ओट्यावर पपईचं झाड उगवलं होतं. लोक आधी छपराच्या मागे लागले. मामांनी आधी ओटा सारवला.

"डोक्यावर पाऊस पडतोय आणि तुम्ही ओटा काय सारवताय?" मी चिडून विचारलं.

"कुणी आलं तर बसवायचं कुठे, तेन्ने?"

"कोण येणार आहे या राखेत?"

पण आलं. पलीकडच्या काठावर एक पांढरी गाडी थांबली. तिच्या दारावर पिवळं पाखरू रंगवलेलं होतं. गाडीतून एक उंच गोरा माणूस उतरला आणि होडीतून इकडे आला. त्याच्याबरोबर फोदे नावाचा ड्रायव्हर होता. तो आमच्यातलाच, बो शहराकडचा. गोऱ्याचं नाव योहान. त्याने मामांच्या ओट्यावर बसून कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भात खाल्ला. मी तिखट कमी घातलं होतं, तरी त्याचं नाक गळत होतं. त्याने फोदेच्या तोंडून सांगितलं की त्याची संस्था इथे पूल बांधणार आहे, सिमेंटच्या खांबांचा, लोखंडी दोराचा. दोर, सिमेंट, इंजिनिअर त्यांचे. वाळू, खडी आणि अंगमेहनत गावाची.

चावडीवर चीफनी विचारलं, "या पाहुण्याचा बाप कोण?" मामा उठले, कोला ठेवली आणि नेहमीचं बोलले. वाईट झालं तर माझ्या दारात या, म्हणाले. फोदेने योहानला समजावून सांगितलं, "हे म्हणतात तू यांचा मुलगा." योहान हसला, मामांच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटो काढून घेतला. त्याला वाटलं असावं, स्वागत चाललंय.

आम्ही बायकांनी खडी फोडली. नदीच्या पात्रातून दगड आणायचा, सावलीत बसायचं आणि हातोडीने फोडत राहायचं. माझ्या शेजारी बाइंदू बसायची. तिचा नवरा लढाईत गेला होता आणि तिला एकच मुलगी होती, जेबे. जेबे डोक्यावर छोट्या टोपलीतून खडी न्यायची आणि रिकामी टोपली पालथी घालून ती वाजवत परत यायची. बाइंदू तशी कमी बोलणारी, पण त्या दिवसांत तिची जीभ सुटली होती. पूल झाला की जेबेला पलीकडे शाळेत घालणार, म्हणायची. फोदे गाडी पुसत बसलेला असला की जेबे त्याला पाणी नेऊन द्यायची, मग तो तिला भोंगा वाजवू द्यायचा.

सहा-सात महिन्यांनी योहान गेला आणि मार्टा आली. मार्टा गेली आणि एक बुटका माणूस आला, त्याचं नाव कुणाला नीट उच्चारता आलं नाही. कुणीच निरोप घेतला नाही. मी म्हटलं, "मामा, तुमचा पाहुणा पळाला." मामा म्हणाले, "कुठे पळाला? गाडी तीच, पाखरू तेच, गाडी चालवणारा फोदेच. पाहुणा तोच आहे, फक्त तोंड बदललंय." वडीलधाऱ्याला आमच्यात 'पा' म्हणतात; चीफनी यावर चावडीत मस्करी केली, "पा जुसू, तुमचा पाहुणा सापासारखी कात टाकतो की काय?" सगळे हसले. मामाही हसले, आणि बुटक्या माणसासाठी कोंबडी कापली.

तोवर काळजी करण्यासारखं काही नव्हतंच. खांब उभे राहत होते. दोन या काठाला, दोन त्या काठाला, माणसाच्या दुप्पट उंच. फक्त दोर यायचा बाकी होता. ख्रिसमस झाला. गाडी आली नाही. लोक म्हणाले सुटीवर गेले असतील. कोरडे महिने संपले, पहिले ढग जमले, तरी पलीकडच्या काठावर काही हललं नाही.

तरुण पोरांनी मग मामांच्या ओट्यावर येऊन सांगितलं, "पा, खांब तर आहेत. आम्ही आपले साधे काथ्याचे दोर ताणतो, खाली वेली बांधतो. निदान धरून तरी जाता येईल."

"ते काम पाहुण्याचं आहे," मामा म्हणाले. "त्याने निरोप घेतलेला नाही. तो नसताना त्याच्या अर्धवट कामाला हात लावला तर ती चोरी होते, आणि ती माझ्या घरातली चोरी."

"पा, तो येणार नाही आता."

"मग येऊन तसं सांगेल."

हा आमच्यातला नियम आहे हे खरं. चीफही मामांच्याच बाजूने बोलले. नदीला दुसरीकडे कुठे एवढी अरुंद जागा नव्हती. मी त्या दिवशी मामांना हट्टी गाढव म्हणाले, तोंडावर. ते म्हणाले, "असेन," आणि जाळं शिवत बसले.

पावसाळ्यात होडी उलटली. शाळेत जाणारी मुलं होती तिच्यात, जरा जास्तच होती. मामांनी आणि इतर पुरुषांनी पाण्यात उड्या टाकल्या आणि मुलांना एकेक करून काठावर ओढलं. जेबे सापडली नाही. खालच्या गावांपर्यंत शोधलं. तिची पाटी मात्र खांबाला अडकलेली मिळाली.

बाइंदू चीफकडे गेली नाही. ती मामांच्या अंगणात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. तिने विचारलं, "पा जुसू, तुमचा पाहुणा कुठे आहे?" ती थोडा वेळ थांबली आणि गेली. त्यानंतर ती आमच्या दारावरून कधी गेली नाही. नदीवर जायचं तर केळीच्या बागेतून वळसा घालून जायची.

त्या दिवसापासून मामांनी होडीचं वल्हं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मुलांना सकाळी तेच पलीकडे न्यायचे, संध्याकाळी तेच आणायचे. थोडी थोडी मुलं, जास्त खेपा. चावडीवर बसणं सोडलं. भात निम्मा ठेवायचे. मी चिडायचे, मला दुसरं काही सुचायचं नाही. माया आली की माझ्या तोंडातून शिव्या निघतात, माझ्या मुलांना विचारा. पण खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. लढाईने जे केलं नाही ते या चार खांबांनी केलं.

पुढे त्यांना खोकला लागला, तो काही जाईना. एकदा मासे वाळत घालताना माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "मी असाच गेलो तर हे बापपण कुणावर येईल?"

"माझ्यावर," मी म्हटलं. मामांना मूलबाळ नव्हतं. "आणि मला ते नको आहे, आधीच सांगते."

"कुणाला हवंय? तुझ्या दारात येऊन उद्या कुणी विचारलं, पाहुणा कुठे आहे, तर तू काय सांगणार?"

"सांगेन की मेला."

"मेला नाही तो. निरोप न घेता गेलाय. त्याला शोधायचा, चावडीवर आणायचा, जा म्हणायचं. पूल नको, काही नको. नुसतं जा म्हणायचं."

मी त्यांना वेड्यात काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बो शहरात गेले. लॉरीत ते मिठाच्या पोत्यावर बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला खोकत होते. संस्थेचं ऑफिस होतं तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, कुठली संस्था, अशा किती आल्या नि गेल्या. शेजारच्या बाईला पाखरू आठवत होतं, माणसं नाही. मी म्हटलं, "झालं समाधान? चला घरी." मामा म्हणाले, "गाडी चालवणारा तर इथलाच होता ना."

फोदे लॉरीतळावर सापडला. आता तो दुसऱ्याची पोडापोडा चालवत होता, म्हणजे छपरापर्यंत खच्चून भरलेली भाड्याची गाडी. आम्हाला बघून त्याने तोंड फिरवलं आणि टायरशी काहीतरी करू लागला. मामा जाऊन त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"फोदे, पाहुण्याचा निरोप राहिलाय."

"पा, मी कोण? मी पगारी माणूस. मार्टाबाईनंतरच्या त्या साहेबाने सांगितलं, किल्ली दे. मी किल्ली दिली. मला काय विचारून गेले ते?"

"माझ्या घरी जेवलास?"

"जेवलो."

"माझ्या चटईवर झोपलास?"

"पा, तुम्हाला माहीत आहे मी झोपलो."

"बाकीची तोंडं बदलत गेली. तू बदलला नाहीस. म्हणजे पाहुणा तूच."

फोदे उठला आणि पान्याने उगाचच चाकावर ठोकू लागला. म्हणाला, "तिथे येऊन काय सांगू मी? ती मुलगी गेल्याचं मला इथे कळलं. तेव्हापासून त्या रस्त्याचं भाडं मी घेत नाही. मला तिथे उभं करू नका, पा."

तेव्हा माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "तुला उभं राहायला लाज वाटते. आणि हे म्हातारे एवढी वर्षं तुझ्याऐवजी उभे आहेत, त्यांच्या पायांचं काय?" लॉरीतळावरची माणसं बघायला लागली. फोदेने पाना खाली ठेवला. त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "शुक्रवारी येतो."

आम्हाला खात्री नव्हती. पण शुक्रवारी नमाज झाल्यावर तो पलीकडच्या काठावर उभा होता. धुतलेला सदरा, हातात पानात गुंडाळलेली कोला. मामा त्याला होडीतून घेऊन आले. आधी आमच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, मग चावडीकडे नेलं. अख्खं गाव जमलं होतं. बाइंदूही आली होती, मागे चावडीच्या खांबाला टेकून उभी होती.

फोदेने कोला चीफच्या पुढे ठेवली. म्हणाला, "मी पिवळ्या पाखराचा माणूस. पा जुसूंचा पाहुणा. मी निरोप घ्यायला आलोय."

चीफनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या पाहुण्याशी कुणाचं काही आहे?"

पोरं काहीतरी ओरडतील असं मला वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. बाइंदू पुढे आली.

"का गेलात?" तिने विचारलं.

"बाई, मला सगळं माहीत नाही. ऑफिसात बोलत होते तेवढं सांगतो." तो थांबत थांबत बोलला. "दूर पूर्वेच्या देशांत समुद्र चढून आला होता. किनाऱ्यावरची गावंच्या गावं गेली. ज्या लोकांनी आपल्या पुलासाठी पैसे दिले होते, त्यांचं मन तिकडे ओढलं गेलं. इंजिनिअर तिकडे गेले. दोरही तिकडेच गेला."

"पाण्याने गावं गेली?"

"पाण्यानेच, बाई."

"त्यात मुलं होती?"

"खूप होती."

लांब कुणाचं तरी उखळ वाजत होतं, ते थांबलं. मग बाइंदू म्हणाली, "एकाने तरी येऊन सांगायचं होतं. गोऱ्याने नाही तर तू. पूल नाही होणार, एवढंच. मी तिचं नाव शाळेत घातलं ते पूल येतोय म्हणून. मला कळलं असतं तर मी तिला माझ्याजवळ शेतावर ठेवलं असतं."

"हो, बाई."

"हेच माझं म्हणणं होतं. दुसरं काही नाही." तिने चीफकडे बघितलं. "त्या मुलांकडे गेले असतील तर जाऊ दे त्याला."

चीफ म्हणाले, "जा. वाट सुखाची होवो." फोदे खाली वाकला तो लवकर उठेना. रिवाजाप्रमाणे आता मामांनी उभं राहून म्हणायचं होतं की माझा पाहुणा गेला, माझ्यावर त्याचं काही उरलं नाही. मामा उभे राहिले आणि तेवढं बोलले. मला वाटलं, संपलं. मी त्यांना धरून घरी न्यायला पुढे झाले.

बाइंदू तिथून हलली नव्हती. ती मामांना म्हणाली, "पा जुसू, आता तुम्ही कुणाचे बाप नाही. आता मी तुमच्याशी बोलते."

"बोल," मामा म्हणाले.

"पोरांनी दोर आणला होता. तुम्ही खांबाला बांधू दिला नाही. पाहुण्याचं काम, चोरी, हे सगळं तुम्ही सांगितलंत. नियम मलाही माहीत आहे. पण खरं काय होतं ते सांगा."

मामा माझ्या हाताला धरून उभे होते. "आपण दोर बांधला," ते म्हणाले, "तर तो येणार नाही हे आपण मान्य केल्यासारखं झालं असतं. मला वाटत होतं तो येईल."

बाइंदूने मान हलवली.

"मलाही वाटत होतं," ती म्हणाली.

मग ती त्यांच्याशेजारी खाली बसली, आणि मामाही बसले, आणि त्या दिवशी प्रथमच, सगळ्या गावासमोर, ते रडले.